शर्टालाही हार्मोन असतात काय?

फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलसमोर सकाळी आठपासून बायकांची रांग लागायची, आणि प्रत्येकीच्या हातात एका पुरुषाचा फोटो असायचा. कुणाकडे नवऱ्याचा, कुणाकडे ठरलेल्या मुलाचा. एका निवृत्त चित्रकला शिक्षिकेकडे तर चाळीस वर्षांपूर्वी नाकारलेल्या स्थळाचा फोटो होता. "आता कळून काय उपयोग, बाई?" असं कुणी विचारलं की त्या म्हणायच्या, "उपयोग शून्य. पण चूक त्याच्या तोंडाची होती की माझ्या डोळ्यांची, एवढं तरी कळेल."

रांग जिना उतरून, औषधाच्या दुकानाला वळसा घालून थेट आरसेकाकांच्या सलूनच्या पायरीला टेकायची. समोरच्या फुटपाथवर पुरुष उभे असत. त्यांची तऱ्हा आणखी न्यारी. पोस्टमन, बँकेतला कॅशियर, शाळेचे मुख्याध्यापक, सगळ्यांच्या दाढेखाली काळ्या रबराचा एकेक ठोकळा. दिवसाला दोन हजार वेळा चावायचा, म्हणजे जबडा रुंद होतो आणि बायकोचं मन परत जडतं. मुख्याध्यापकांनी ठोकळा तोंडात ठेवूनच मुलांपुढे भाषण केलं. कुणाला एक अक्षर कळलं नाही, पण ते आधीही कळत नसल्यामुळे तक्रार आली नाही.

हे सगळं घडवणाऱ्या माणसाला लोक मुखाचार्य म्हणत. तो हॉलमध्ये पडद्याआड बसायचा. बोलणं मात्र ध्वनिवर्धकावरून रस्त्यापर्यंत यायचं.

"मातांनो, भगिनींनो! स्त्रीच्या देहात तीन सत्ता. इस्ट्रोजेन ही महाराणी. टेस्टोस्टेरॉन हा सेनापती. आणि कॉर्टिसॉल, म्हणजे तणावाचं हार्मोन, हा घरभेदी! महाराणी प्रसन्न असली की स्त्रीला रुंद जबड्याचा पुरुष आवडतो. घरभेदी शिरला की समोर येईल तो गुळगुळीत चेहरा गोड वाटतो. अशा फितुरीच्या दिवसांत जिनं लग्न ठरवलं, ती पुढे काय करते?"

"काय करते?" रांगेतून आवाज.

"भांडी आपटते!"

बायका एकमेकींकडे बघायच्या. भांडी न आपटलेली बाई त्या रांगेत एकही नव्हती, त्यामुळे पहिल्या वाक्यालाच आचार्यांची विद्या खरी ठरायची.

आरसेकाकांचं हे नाव कसं पडलं ते सांगायला हवं. पस्तीस वर्षं त्यांनी लोकांचे चेहरे पाहिले ते आरशात. गिऱ्हाइकाच्या मागे उभं राहायचं, आरशात बघून बोलायचं, आरशात बघून कात्री चालवायची. त्यामुळे रस्त्यात कुणी भेटलं तर त्यांना पटकन ओळख पटायची नाही. सख्खा भाऊ एकदा समोरून आला, तर म्हणाले, "कुठेतरी पाहिलंय."

बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. घरात ते आणि त्यांची मुलगी. मुलगी वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर कामाला. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा खिडकीच्या चौकटीत एकामागून एक रागावलेलं तोंड यायचं, आणि बिलाचा आकडा जणू तिनेच घरी बसून काढला आहे असं तिला सुनवायचं. तिचं लग्न एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मुलाशी ठरलं होतं. तिनेच ठरवलं होतं. लिफ्टवाल्याचा चेहरा चेंडूसारखा गोल, हनुवटी कुठे सुरू होते ते दाढी करतानाही शोधावं लागायचं. स्वभावाला गरीब. संध्याकाळी काम आटोपून यायचा, दहा मिनिटं बसायचा, जायचा.

अलीकडे मात्र तो आला की ती खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड करून बसायची. एकदा नाही, चार वेळा. आरसेकाकांनी ते पाहिलं आणि मोजून ठेवलं. कारण असं फिरवलेलं तोंड त्यांनी आधी पाहिलं होतं. बायको शेवटचे दोन महिने अंथरुणाला खिळली होती, तेव्हा ते दुकान बंद करून तिच्याजवळ स्टुलावर बसत, आणि ती सगळा वेळ भिंतीकडे तोंड करून असायची. एकतीस वर्षांचा संसार, आणि शेवटी पाठ. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. आपलं कुठेतरी चुकलं, आपण तिला नकोसे झालो, एवढं मनाशी धरून ते रोज शटर उघडत होते.

म्हणून मुलीला घेऊन ते स्वतःच त्या रांगेत उभे राहिले. मुलगी म्हणाली, "बाबा, मी दमलेय. मला झोपू द्या. रजेच्या दिवशी हे काय?"

"अर्ध्या तासाचं काम आहे. तुझ्या जन्माचा प्रश्न आहे."

वाद घालायला लागणारी ताकद आठवडाभर खिडकीवरच संपलेली. ती निमूटपणे आली.

दाराशी नोंदणीवाल्या ताई बसल्या होत्या. आवाज असा, की ऐकणाऱ्याने आपणहून रडावं. "नाव काय बाळ? लग्न झालंय की व्हायचंय? व्हायचंय. बरं. काका, तुमचा चेहरा का असा उतरलाय? मोकळं करा मन." आणि तीन वर्षं गप्प असलेले आरसेकाका त्या टेबलापाशी घडाघडा बोलून गेले. बायको, भिंत, पाठ, सगळं. ताई मान हलवत होत्या आणि चिठ्ठीवर लिहीत होत्या.

मग परीक्षा. आधी हिमस्पर्श. बर्फाच्या पाण्याच्या बादलीत एक मिनिट हात. "घरभेदी थंडीला घाबरून बाहेर येतो," असं त्याचं शास्त्र. मग मुखशुद्धी. अविवाहित मुलींना एका बरणीतली पिवळी गोळी चघळायला, विवाहित बायकांना दुसऱ्या बाजूला पेलाभर पाण्याच्या चुळा. मग जांभळ्या कागदाची पट्टी जिभेवर टेकवायची. ती पट्टी आणि चिठ्ठी एका ताटलीतून पडद्याआड जायची. स्त्रीचं दर्शन नको, नाहीतर निकालावर मोहाची छाया पडते, असं आचार्य सांगत. मुलींची पट्टी तांबडी व्हायची, संसारी बायकांची निळी. कधी म्हणून चुकायची नाही. तांबडी म्हणजे ठरलेलं लग्न मोडा आणि आचार्यांच्या वहीतून योग्य जबड्याचा मुलगा निवडा. निळी म्हणजे नवऱ्याच्या तोंडात ठोकळा.

मुलीची पट्टी तांबडी झाली. मग लिफ्टवाल्याचा फोटो मुखदर्पणात ठेवला. मुखदर्पण म्हणजे काळी पेटी, आत दिवा, समोर भोक. आरसेकाकांनी भोकाला डोळा लावला. लिफ्टवाल्याचा गोल चेहरा आत लांब, वाकडा, वितळल्यासारखा दिसत होता. गळ्यापर्यंतचा रेघारेघांचा शर्टही वेडावाकडा.

पडद्यामागून आवाज आला, "हा तिच्या हार्मोननं पाहिलेला खरा चेहरा! तणावात जडलेली माया, तणाव सरला की सरते. बापा, ऐक. ही मुलगी एक दिवस भिंतीकडे तोंड करून निजेल, आणि तो स्टुलावर बसून राहील!"

आरसेकाकांनी पडद्याकडे हात जोडले. भिंत! स्टूल! याला कसं कळलं? पाच मिनिटांपूर्वी आपणच बाहेर सगळं ओकून आलो, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. देवाघरून निरोप आल्यासारखे ते घरी परतले, आणि त्याच संध्याकाळी त्यांनी लिफ्टवाल्याला सांगितलं, "लग्न होणार नाही. तुझा काही दोष नाही. तोंडाचा आहे."

चार दिवसांनी, दुपारच्या वेळी, लिफ्टवाला सलूनच्या दारात उभा राहिला. तोंड भलंमोठं उघडं.

"हे बघ," आरसेकाका म्हणाले, "ओरडून काही होणार नाही."

"आ," लिफ्टवाला म्हणाला.

"मलाही वाईट वाटतं."

"आ. आ!"

"बरं, बस तरी."

तो खुर्चीत बसला. आरसेकाका सवयीने मागे उभे राहिले, आरशात पाहिलं, आणि तेव्हा कुठे त्यांना समजलं की पोरगं ओरडत नाहीये, त्याचं तोंड मिटतच नाहीये. बिचाऱ्याने जबडा रुंद करायला चार दिवसांत अकरा हजार वेळा ठोकळा चावला होता. आकडा त्याने आरशावर वाफ सोडून तीत बोटाने लिहून दाखवला.

अंगात तोच रेघांचा शर्ट होता, फोटोतला. आरशात त्याच्या रेघा कशा सरळ, फूटपट्टीने मारल्यासारख्या. आरसेकाका बघत राहिले. फार वर्षांपूर्वी त्यांनी स्वस्तात एक आरसा घेतला होता. काच कडेला वाकलेली. महिनाभर प्रत्येक गिऱ्हाईक म्हणायचं, डावी बाजू नीट कापली नाहीत, आणि एकाने तर गालाला सूज आली म्हणून औषध घेतलं. वाकड्या काचेत काय काय वाकतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? चेहरा वाकतो. मागची भिंत वाकते. शर्टही वाकतो.

"ऊठ," ते म्हणाले. "आधी तुझं तोंड मिटू."

दवाखाना दोन दुकानं सोडून होता. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही अंगठे लिफ्टवाल्याच्या दाढांवर ठेवले, खाली दाबून मागे ढकललं, आणि टक् आवाज होऊन जबडा जागेवर बसला. "या आठवड्यातला सहावा," त्या पट्टी बांधत म्हणाल्या. "काल मुख्याध्यापक होते. त्यांचं तोंड बसवताना शाळेतले शिक्षक म्हणाले, घाई नाही, बाई."

"डॉक्टरीणबाई, एक विचारू? हसू नका."

"विचारा."

"त्या पेटीत याचा जबडा वाकडा दिसला. का, तर म्हणे माझ्या मुलीच्या हार्मोनमुळे. पण याचा शर्टही वाकडा दिसला. शर्टालाही हार्मोन असतात काय?"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाल्या, "काका, पहिल्यापासून सांगा. बरणीत काय होतं, पेल्यात काय होतं, कुणाला काय दिलं."

काकांनी सांगितलं. सांगता सांगता त्यांचा आवाज हळू होत गेला, कारण गोळी फक्त मुलींना आणि पाणी फक्त संसारी बायकांना, हे बोलताना त्यांच्याच कानाला खटकलं.

"गोळी आंबट होती?"

"मुलगी म्हणाली, दात आंबले."

"आणि पाणी खारट-तुरट असणार. खायचा सोडा. काका, आंबट लागलं की तांबडा, सोडा लागला की निळा. हा आठवीच्या विज्ञानाचा प्रयोग आहे. त्या पट्टीला तुमची मुलगी कोण, नवरा कोण, काही पत्ता नाही. तिला फक्त गोळी कळते."

"मग ते हार्मोनचं सगळं खोटं?"

"तीच तर लबाडी आहे. शब्द खरे, धंदा खोटा. तणावात कॉर्टिसॉल वाढतं, खरं. थुंकीतून ते मोजताही येतं, पण प्रयोगशाळेत, कागद चाटून नाही. बायकांना महिन्याच्या ठराविक दिवसांत रुंद जबड्याचे चेहरे जास्त आवडतात का, तणावात आवड बदलते का, यावर अभ्यास झालेत. आधी थोड्या बायकांना विचारलं तेव्हा काहींना वाटलं, हो. पुढे पुष्कळ जणींना घेऊन तपासलं तर ते तसं नीट दिसलं नाही. वाद चालू आहे. आणि फरक सापडला तरी तो शेकडो जणींच्या सरासरीतला, बारीकसा. त्यावरून एका मुलीनं कुणाशी लग्न करावं हे जगात कुणी सांगू शकत नाही. ज्याला खरंच अभ्यास माहीत आहे, तो 'नक्की माहीत नाही' म्हणतो. हा माणूस एकदा तरी तसं म्हणाला?"

"नाही बुवा. त्याला सगळंच माहीत असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आरसेकाका, डॉक्टरीणबाई आणि तोंडाला पट्टी बांधलेला लिफ्टवाला रांगेत होते. मुलीला त्यांनी काही सांगितलं नव्हतं, पण तिच्या कार्यालयाची वाट तिथूनच होती, आणि बापाला रांगेत बघून ती थबकली. पुढे चित्रकलेच्या बाई होत्या, पुनर्तपासणीला बोलावलेल्या. डॉक्टरीणबाई त्यांच्या कानाशी लागल्या. बाईंचे डोळे चमकले. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना करण्याजोगं काम दिलं होतं.

बाईंनी नोंदणी केली. "लग्न?" "नाही झालं." बर्फात हात घातला. पिवळी गोळी घेतली आणि तोंडात टाकल्यासारखं करून मागे हात केला. गोळी आरसेकाकांच्या तोंडात गेली. पट्टी आली, तीही मागे गेली. बासष्ट वर्षांच्या, झुपकेदार मिशीच्या आरसेकाकांनी ती जिभेवर टेकवली, आणि बाईंनी गंभीर चेहऱ्याने ताटलीत ठेवली.

ध्वनिवर्धक खरखरला. "तांबडी! लालबुंद! अहाहा, काय कोवळी काया! मातांनो, ही कुमारिका महिन्याच्या चौदाव्या दिवशी आहे. महाराणी सिंहासनावर! हिला हवा राकट, रुंद जबड्याचा वर. आणि मला स्पष्ट दिसतंय, वर्षाच्या आत हिची कूस उजवणार!"

आरसेकाका पडदा बाजूला सारून आत गेले. "आचार्य, ती कुमारिका मीच."

मागून कुणीतरी म्हणालं, "काका, अभिनंदन!" आणि जो हशा उठला तो जिन्यावरून रस्त्यापर्यंत गेला.

मुखाचार्य उठला. दाढी सारखी केली. "हे... हे मायेचं कारण. पुरुषातही सुप्त महाराणी असते. तुमच्यात ती जागृत आहे!"

"असू दे. मग आता निळी करून दाखवतो." काकांनी दुसऱ्या टेबलावरच्या पेल्यातल्या पाण्याच्या खळखळून चुळा भरल्या आणि नवी पट्टी चाटली. पट्टी निळी. "बघा, पाच मिनिटांत कुमारिकेची संसारी बाई झालो. आता माझ्या नवऱ्याच्या तोंडात ठोकळा घाला."

डॉक्टरीणबाईंनी बरणी उचलून बायकांच्या हातात दिली. "घ्या, करून बघा. माझ्यावरही विश्वास ठेवू नका. स्वतः चाटा आणि बघा." मग काय, तांबडी, निळी, तांबडी, निळी, जत्रा उसळली. हशा ऐकून फुटपाथवरचे पुरुषही वर आले होते; कॅशियरने पेटीचं झाकण उघडलं, तर आत पत्र्यासारखी वाकवलेली आरशाची काच. आरसेकाकांनी भिंतीवरचा आचार्यांचाच फोटो काढून तिच्यासमोर धरला. दाढी एका बाजूला, नाक दुसऱ्या बाजूला.

"अरेरे," चित्रकलेच्या बाई भोकातून बघत म्हणाल्या, "हे स्थळ तर मी दोनदा नाकारलं असतं."

पोस्टमनने तोंडातला ठोकळा काढून आचार्यांच्या हातात ठेवला. आठवड्यात पहिल्यांदा त्याचं बोलणं स्पष्ट आलं, आणि ते इथे लिहिण्याजोगं नाही. बायकांनी आचार्यांचा हात धरून बर्फाच्या बादलीत घातला. "एक मिनिट! घरभेदी बाहेर येऊ दे!" तो अकरा सेकंद टिकला. पोलीस येईपर्यंत तो कोपऱ्यात हात फुंकत बसला होता, आणि नोंदणीवाल्या ताई कुणी न विचारताच आपलं मन मोकळं करत होत्या.

त्या दिवशी मुलगी कार्यालयात गेली नाही. घरी येऊन दोघं चहा घेत बसले.

"चुकलो मी," आरसेकाका म्हणाले. "त्याची माफी मागितली. तुझी मागतो."

"तो काय म्हणाला?"

"काय म्हणणार? आठवडाभर बोलायचं नाही त्याने. मान हलवली."

"रविवारी बोलावलंय मी त्याला. तो गप्प, मी गप्प. नीट बघेन त्याच्याकडे आणि मग ठरवेन. मी ठरवेन, बाबा."

"तूच ठरव. पण तू तोंड का फिरवत होतीस?"

"दिवसभर खिडकीत तोंडंच बघते हो मी! घरी आल्यावर तासभर कुणाचंच नको असतं. तुमचंही. म्हणून तुम्ही माझं लग्न मोडलंत?"

आरसेकाकांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "तुझी आई शेवटी माझ्याकडे पाठ करून असायची."

मुलीनेही कप खाली ठेवला. "बाबा, ती माझ्याकडेही पाठ करूनच असायची. मावशीकडेही. मग आमचेही जबडे चुकले होते का? तिच्या एका कुशीवर जखम झाली होती. त्या कुशीवर तिला पडताच यायचं नाही. दुसऱ्या कुशीवर पडलं की तोंड भिंतीकडे. पलंग तसा होता."

"मला का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

पलंग उलटा फिरवायला दोन माणसं आणि पाच मिनिटं पुरली असती.

ही गोष्ट इथे संपते. माणसाचं मन कुणावर का बसतं, कधी का उडतं, हे अजून पुरतं कुणालाच कळलेलं नाही. जे कळलेलं नाही ते कळलेलं नाही म्हणावं, त्यात लाज नाही. लाज वाटायला हवी ती न तपासता मानण्याची. कुणी जिभेवर कागद ठेवून तुमच्या घरातलं सांगू लागला, तर आधी विचारा, तोंडात काय दिलं होतंत. आणि आपलं माणूस पाठ फिरवून पडलेलं दिसलं, तर मुखाचार्याकडे धावू नका. पलंगाला वळसा घालून पलीकडे जा, आणि त्यालाच विचारा, काय दुखतंय.